टोप्यांच्या माळावरचा हिवाळा

मुरबाडच्या रस्त्यावर पेंढ्याच्या गाड्या सुरू झाल्या की मी गाडीची काच खाली करते. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते, खळी मोकळी झालेली असतात आणि राहिलेला पेंढा टेम्पोत भरभरून कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांकडे निघतो. टेम्पो असा दिसतच नाही. दिसतो तो दोन्ही अंगांनी ओसंडलेला पेंढ्याचा ढीग, रस्त्यावरून डुलत चाललेला. वाटेतल्या झाडांना तो घासत जातो, आणि मग पौष संपेपर्यंत रस्त्याकडेच्या फांद्यांना पेंढ्याच्या दाढ्या लोंबत राहतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, चिडतात, पुढे निघायला बघतात. मी निघत नाही. त्या गाडीच्या मागे अंतर ठेवून चालत राहते आणि तो उन्हात वाळलेला, किंचित गोडसर, नाकात हुळहुळणारा वास आत येऊ देते. हा वास मला आवडतो की नाही, हे इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

याच दिवसांत आमचा माळ जागा व्हायचा. मुरबाड सोडून टोकावड्याकडे निघालं की डाव्या हाताला तिथल्या एका शेतकऱ्याची, बाळूकाकांची, वरकस जमीन होती. भात पिकत नाही अशी, उंचवट्यावरची, मुरमाड. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असायचं. गवत कापून नेलं की खाली सपाट, कडक, लालसर जमीन निघायची. सकाळी तिच्यावर दव असायचं आणि चपलेला लाल चिखलाची पातळ साय चिकटायची. नऊ वाजले की तीच जमीन खणखणीत वाजायला लागायची.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या थोरल्या भावाने, सुरेशदादाने, तिथे ऑटोक्रॉस सुरू केलं. दादा मुरबाडच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीच्या पाळीवर असायचा, मी किन्हवलीच्या शाळेत गणित शिकवायची, आणि आम्ही दोघं आईबरोबर शहापूरला राहायचो. कुठेतरी नाशिकच्या बाजूला त्याने हा खेळ पाहिला आणि खुळावून घरी आला. शर्यत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकमेकींना रेटणाऱ्या गाड्या येतात. ही तशी नव्हे. इथे एका वेळी एकच गाडी. माळावर खुणा मांडून वळणावळणाची वाट आखायची, त्या वाटेने गाडी न्यायची, घड्याळ लावायचं. खूण पडली की वेळेत भर. वेग फार नसतोच, बहुतेक सगळं दुसऱ्या गिअरमध्ये. आव्हान असतं ते स्वतःच्या हातापायांचं. पहिल्या वर्षी खुणा म्हणून आम्ही तेलाचे रिकामे डबे चुन्याने रंगवून ठेवले होते. पुढे कल्याणहून रबरी शंकू आले. बाळूकाका त्यांना टोप्या म्हणायचे, आणि म्हणून आम्हीही. गावात विचारलं तर लोक सांगायचे, "टोप्यांच्या माळावर गेलीत ती."

दादाची एक जुनी गाडी होती. मुंबईत टॅक्सी म्हणून झिजलेली, मग निळ्या रंगात बुडवलेली, पण दाराच्या कडेला नखाने खरवडलं की आतला पिवळा रंग दिसायचा. दादा ती गाडी टोप्यांमधून अशी न्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, टोप्याच बाजूला होताहेत. मला त्याच्याइतकं येत नव्हतं. मला दुसरं काहीतरी येत होतं: नवीन माणसाला शिकवायला. मग वाटणी आपोआप झाली. दादा गाडी पळवायचा, आणि पहिल्यांदा येणारे सगळे माझ्याकडे.

नवीन माणसं येताना फार अवघडून यायची. आपली रोजची गाडी चालेल का, हेल्मेट नाही, लोक हसतील का. मी सांगायची, रोजचीच गाडी आणा. आधी ती रिकामी करा. मग डिक्या उघडायच्या आणि त्यांतून त्या त्या घराचं सगळं बाहेर यायचं. छत्र्या, पाण्याचे कॅन, गणपतीच्या मखराचे तुकडे, आणि कल्याणच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीतून तर आख्खं तांदळाचं पोतं, ज्याची त्यांना आठवणच राहिली नव्हती. गाडी रिकामी झाली की मी त्यांना घेऊन आखलेली वाट पायी चालायची. हेही पुष्कळांना चमत्कारिक वाटायचं, गाडी चालवायला आलो आणि ही बाई चालायला लावते. पण पायांना वाट कळली की हातांना कळायला वेळ लागत नाही. चालता चालता मी सांगायची, टोपीकडे बघू नका. माणूस जिकडे बघतो तिकडे त्याची गाडी जाते. जिथे जायचंय तिकडे बघा. आणि वळणाशी आलात की ब्रेक आणि वळण दोन्ही एकदम मागू नका. जोरात ब्रेक दाबून धरलात तर चाकं फिरायची थांबतात, आणि न फिरणारं चाक कितीही वळवा, गाडी सरळच घसरत जाते. आधी ब्रेक. मग पाय सैल करा. मग वळवा.

हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. बेरीज-वजाबाकी शिकवावी इतक्या निर्धास्तपणे सांगायची.

दोन हजार सालानंतरच्या एका मार्गशीर्षात, दिवस मावळताना, दादा पाळी संपवून मोटारसायकलवरून येत होता. थंडी वाजायला लागली म्हणून मफलर बांधायला रस्त्याच्या कडेला थांबला. मागून पेंढ्याने भरलेला टेम्पो येत होता. टेम्पोपुढे एक रेडकू आलं. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, टेम्पो घसरला आणि सरळ दादावर आला. चालवणारा पळून गेला नाही. त्याच टेम्पोत पुढच्या सीटवर घालून त्याने दादाला मुरबाडच्या दवाखान्यात आणलं आणि मग स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन बसला. दादा वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

त्यानंतरचं आमचं घर मला वासांनीच आठवतं. जखमेच्या मलमाचा, उकळलेल्या पट्ट्यांचा, आणि आईने सतत लावलेल्या उदबत्तीचा वास, जो बाकीच्यांवर मात करायला बघायचा आणि त्यांच्यात मिसळून जायचा. आईने गाडीचं नाव घरात काढायचं नाही असं सांगितलं होतं. निळी गाडी पडवीच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती. दादा खिडकीपाशी बसायचा. बोलायचा नेहमीसारखा, हसायचासुद्धा, पण बोलता बोलता त्याचा उजवा पाय जमिनीवर किंचित दाबला जायचा आणि सुटायचा. ते मी पाहायची आणि पाहिलं नाही असं दाखवायची.

वर्ष फिरून आलं. गवत कापलं गेलं. बाळूकाकांचा निरोप आला, माळ मोकळा झालाय, यंदा येताव ना? आदल्या हंगामात अर्धवट राहिलेली नवीन माणसं विचारायला लागली. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "तू जा. मी नाय येत." आईला मी सांगितलं, शाळेचं काम आहे. तिला कळलं नसेल असं नाही. निळ्या गाडीवरची ताडपत्री मी तिच्या डोळ्यांदेखत काढली होती.

त्या हिवाळ्याचा पहिला रविवार. धुकं उशिरापर्यंत विरलं नव्हतं. खालच्या खाचरांत वाल पेरलेला, त्याचे वेल नुकते जमीन धरत होते. चार-पाच नवीन माणसं आली होती. मी त्यांना घेऊन वाट चालले, तेच सगळं सांगितलं. बांधावर एक माणूस उभा होता. तिशीचा, अंगात तपकिरी स्वेटर, पायात रबरी चपला. रस्त्याने जाणारे बघायला थांबायचेच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग टोप्या उचलायला माणूस कमी पडला तेव्हा मीच त्याला विचारलं, जरा मदत कराल का? तो लगेच उतरला. दुपारपर्यंत तो पडलेली प्रत्येक टोपी धावत जाऊन उभी करत होता. चुन्याने काढलेल्या चौकोनात ती नेमकी बसली की नाही हे वाकून बघायचा. चहा दिला तर नको म्हणाला.

गाड्या थांबल्या, लोक डबे उघडायला झाडाखाली गेले, तेव्हा तो माझ्याकडे आला.

"बाई, सकाळी त्यांना सांगत होतात ना, ब्रेक सोडायचा म्हणून. ते मना परत सांगाल?"

मी विचारलं, तुम्ही गाडी चालवता का. तो म्हणाला, चालवायचो. मग क्षणभर खाली बघून म्हणाला, "मी काशिनाथ. टोकावड्याच्या वरची वाडी. तुमच्या दादांवर टेम्पो गेला तो माझा."

मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात आम्ही पोचलो तोवर तो पोलिसांकडे गेला होता, आणि कोर्टाची कामं मामा आणि दादा यांनीच उरकली होती. वर्षभर मी त्याचा एक चेहरा मनात तयार केला होता. दारू प्यालेला, बेफिकीर, जाडजूड. समोरचा माणूस त्या चेहऱ्याशी कुठेच जुळत नव्हता, आणि याचाच मला राग आला.

तो सांगत होता. त्या दिवसापासून टेम्पोला हात लावला नाही. पण एक गोष्ट सुटत नाही. "मी ब्रेक दाबला. पुरा दाबून धरला. हातातलं चाक पन फिरवलं, पार दुसऱ्या अंगाला फिरवलं. गाडी वळलीच नाय. पोलिसांना सांगितलं, मेकॅनिकला दाखवलं. तो म्हनतो गाडीत दोष नाय. मग ती वळली का नाय?"

मला उत्तर माहीत होतं. सकाळीच मी ते नवीन माणसांना हसत हसत सांगितलं होतं. पण याला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाबा, पाय सैल केला असतास, एका श्वासापुरता, तर तू दादाच्या बाजूने निघून गेला असतास. की दादाचा पाय वाचला असता. त्याने ब्रेक दाबला नसता तर तो बेफिकीर ठरला असता. त्याने जिवाच्या आकांताने दाबला, आणि तेच चुकलं. हे ऐकून हा माणूस घरी कसा जाईल? आणि नाही सांगितलं तर? मी शिक्षिका आहे. कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर येत असून मी दिलं नाही, असं वर्गात कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, आज वेळ नाही, पुढच्या रविवारी बघू. तो बरं म्हणाला आणि चालत निघाला. त्याच्या स्वेटरला मागे गवताची कुसळं चिकटली होती.

तो आठवडा मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. किन्हवलीहून परतताना एसटीच्या खिडकीतून पेंढ्याच्या गाड्या दिसायच्या आणि मी प्रत्येकीच्या पुढच्या चाकांकडे बघायची. आठवडा सरत आल्यावर मी दादाला सांगितलं. आई चुलीपाशी होती. काशिनाथचं नाव ऐकताच ती उठली आणि मागच्या परड्यात निघून गेली.

दादाने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तू सांगितलंस त्याला?"

"नाही."

"का?"

"तो मोडेल, दादा."

"आणि मी काय झालो?" दादा म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. खिडकीतून बाहेर बघत बोलत होता. "मीने, रोज आडवं पडलं की मी त्याच्या टेम्पोत बसतो. रेडकू येतं. मी ब्रेक दाबतो, मग सोडतो, मग चाक फिरवतो. टेम्पो माझ्या बाजूने निघून जातो. रोज निघून जातो. वर्ष झालं, हे मी एकटाच करतोय. त्याला पन कळू दे."

हे तो दयेने म्हणाला की सुडाने, मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसावं.

रविवारी दादा माळावर आला. निळ्या गाडीत माझ्या शेजारी बसून, मागच्या सीटवर कुबड्या टाकून. लोक त्याला भेटायला पुढे आले आणि थोडं अंतर ठेवून थांबले. काशिनाथ बांधावर होता. दादाला बघून तो खाली उतरला, पण जवळ येईना. दादानेच हाक मारली आणि त्याला चालवायच्या सीटवर बसायला सांगितलं. स्वतः शेजारी बसला. मला म्हणाला, समोर एक टोपी ठेव आणि लांब उभी राहा.

मी टोपी ठेवली. इतकी वर्षं मी हजारदा टोप्या ठेवल्या असतील. ही टोपी कोण आहे हे मात्र आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गाडी निघाली. वेग आला. टोपी जवळ आली तसा काशिनाथने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं. चाकं थांबली, मुरूम करकरला, आणि गाडी तिरकी न होता सरळ त्या टोपीवर गेली. टोपी गाडीखाली ओढली गेली. धुळीचा लोट आला. मी टोपी काढून पुन्हा ठेवली. गाडी मागे गेली, पुन्हा आली. पुन्हा तेच. पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मला ओरडून सांगावंसं वाटलं की दादा, बास कर, हे शिकवणं नाही. दोन्ही माणसं काचेमागे समोर बघत बसलेली होती, एकमेकांकडे न बघता, आणि त्यांच्यात काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं.

मग एका फेरीला ब्रेक लागला, मुरूम करकरला, आणि मधेच तो आवाज तुटला. गाडीचं नाक हलकं झाल्यासारखं उचललं गेलं आणि ती टोपीच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून, वळून पुढे निघून गेली. किती सहज गेली. दादा एकच शब्द बोलला होता, ते मला नंतर कळलं: "सोड."

पुढे जाऊन गाडी थांबली. इंजिन बंद झालं. काशिनाथ दार उघडून उतरला आणि वळून त्या टोपीकडे बघत राहिला. मी जवळ गेले तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वळली."

मग पुन्हा, अगदी हळू, "वळली ती."

तो बांधाकडे चालत गेला आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसला. मी पाण्याची बाटली घेऊन गाडीशी आले. दादाचा चेहरा घामाने भिजला होता. म्हणाला, "त्याला आधी दे." मी बांधाशी पोचेपर्यंत काशिनाथ उठून रस्त्याला लागला होता.

घरी जाताना मी दादाला विचारलं, हलकं वाटतंय का? तो नाही म्हणाला. आसनगावच्या फाटकाशी थांबलो तेव्हा आपणहून बोलला, "हलकं नाय गो. पन आता दोघं आहोत."

पुढचे दोन रविवार काशिनाथ आला नाही. मला नको नको ते वाटायला लागलं. वाडीजवळची विहीर, उंच कडे, काय काय. शेवटी मी एसटीने टोकावड्याला गेले आणि विचारत विचारत वर वाडीत पोचले. अंगणात त्याची बायको, यमुना, सुपात नाचणी पाखडत होती. मी कोण हे सांगितल्यावर तिचे हात थांबले. बस म्हणाली नाही. काशिनाथ खाली हरभऱ्यात आहे, एवढं सांगितलं. मी विचारलं, बरा आहे ना? तिने सूप खाली ठेवलं.

"बाई, तुमी त्याला काय सांगितलात? आदी म्हनायचा, गाडीनं दगा दिला. देवानं दगा दिला. झोपायचा तरी. आता जेवताना पन पाय उचलतो नि ठेवतो, उचलतो नि ठेवतो."

कळलेलं बरं असतं, न कळण्यापेक्षा कळणं केव्हाही चांगलं, हे मी वर्गात येताजाता सांगत आले होते. यमुनासमोर उभी राहून ते म्हणायची माझी छाती झाली नाही. खाली हरभऱ्याच्या शेतात तो दिसत होता, वाकलेला. त्याने मला पाहिलं असणार. वर आला नाही. मी पुढच्या गाडीने परत फिरले. वाटेत हरभऱ्याच्या आंबट पानांचा वास येत होता आणि माझ्या जिभेवर तीच चव साचून राहिली होती.

हंगामाचा शेवटचा रविवार होता. उन्हं चटकायला लागली होती, शेतांत पालापाचोळा पसरून राब भाजायची तयारी चालली होती. आम्ही टोप्या मोजून आवरत होतो तेव्हा एक रिकामा टेम्पो रस्त्यावरून माळाकडे वळला. चालवत दुसराच कोणी होता. शेजारून काशिनाथ उतरला आणि मागून आणखी एक माणूस. चालवणारा आणि तो, दोघेही पेंढा वाहणारे. काशिनाथ सरळ दादापाशी आला. म्हणाला, "दादा, यांना पन दाखवा. मी सांगतो तर यांना पटत नाय."

दादा त्या दोघांना म्हणाला, बसा. आणि काशिनाथला म्हणाला, "तू काय सांगितलंस ते सांग."

काशिनाथ उभ्यानेच बोलायला लागला. ब्रेक दाबून धरला, सोडला असता तर ह्यांचा पाय असता. एवढं बोलून थांबला. दादाने मान हलवली. "असं नाय. पहिल्यापासून सांग. रेडकू कुठून आलं तिथून. त्यांना नीट कळलं पायजे."

काशिनाथने पहिल्यापासून सांगितलं. दादा ऐकत होता, मधे मधे दुरुस्त करत होता. "मी मफलर बांधत होतो, तोंड तिकडे होतं. उतार होता तिथे, सपाट नव्हतं." दोघं मिळून तो रस्ता त्या मुरमावर काठीने काढत होते, आणि ते दोन टेम्पोवाले उकिडवे बसून बघत होते. मला ऐकवेना, आणि तिथून हलवेनाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात आमच्याकडे दोन प्रकारचे नवीन यायला लागले. खेळायला येणारे, ते माझ्याकडे. आणि टोकावडे, किन्हवली, धसईकडचे जीपवाले, टेम्पोवाले, ते दादा आणि काशिनाथकडे. काशिनाथ गाडी पुन्हा चालवायला लागला ती फक्त माळावर. रस्त्यावर कधीच नाही. दर वर्षी त्याने ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली. एकदा मी त्याला म्हटलं, आता दरवेळी सांगायची गरज नाही, नुसतं गाडीवर दाखवलं तरी कळतं. तो म्हणाला, "दाखवून डोस्क्यात जातं. पायात जायला सांगावं लागतं." हे त्याला आतून किती खात होतं, मला माहीत नाही. यमुना मला बाजारात भेटायची तर तोंड फिरवायची. एका माणसाला दर वर्षी त्याच जागी नेऊन उभं करणं चांगलं की वाईट, याचा हिशेब मला आजही सुटलेला नाही. त्या टेम्पोवाल्यांतल्या कोणाचा पाय कधी वेळेवर सैल झाला असेल का, तेही कळायला मार्ग नाही. न झालेल्या अपघाताची खबर कोणी आणून देत नाही.

मग माळ गेला. बाळूकाका वारले, मुलांनी जमीन विकली. आता तिथे कंपाउंडची भिंत आहे आणि आत प्लॉट पाडलेत. विकायच्या आधीच्या हिवाळ्यात, शेवटच्या रविवारी, आई म्हणाली, मी पन येते. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. काशिनाथ आमच्या दाराशी येऊन गेला होता दोन-तीनदा, पण आईने त्याला कधी पाणी विचारलं नव्हतं. ती माळावर आली, दादाच्या गाडीशेजारी स्टुलावर बसली, डोक्यावरून पदर घेऊन. नवीन टेम्पोवाले जमले होते. काशिनाथने आईला पाहिलं. तरी त्याने सांगितलं. रेडकू, उतार, ब्रेक, सगळं. आई हलली नाही.

गोष्ट संपली. नेहमी इथे थांबायची. आईने विचारलं, "पुढे?"

काशिनाथला कळेना.

"दवाखान्यात नेलास ना त्याला. टेम्पोत तुझ्याशेजारी होता. वाटेत काय बोलला तो?"

हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. दादाला त्या प्रवासातलं काहीही आठवत नाही. पडल्यानंतर थेट दवाखान्यातली पांढरी भिंत आठवते. तो प्रवास जगात एकट्या काशिनाथपाशी होता, आणि आई इतकी वर्षं तो मागायला कचरत होती.

काशिनाथने दादाकडे पाहिलं, मग आईकडे. "मना गाडी चालवता येत नव्हती," तो म्हणाला. "हातपाय लटलट करत होते. गिअर पडंना. रडत होतो मी. तर हे... ह्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. हे बोलत होते. क्लच पुरा दाब. घाबरू नको. रस्त्याकडे बघ, माझ्याकडे बघू नको. आता दुसरा टाक. आता तिसरा. मुरबाड येईस्तवर हेच बोलत होते."

आईने पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं. माळावर वारा सुटला होता आणि एक टोपी आडवी होऊन गोल गोल फिरत होती. ती उभी करायला कोणी उठलं नाही.

दादाने विचारलं, "पडला का मग तिसरा?"

"पडला," काशिनाथ म्हणाला.